ई-प्रिस्क्रिप्शन आणि औषधे नियमित घेणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील रुग्ण, त्यांचे नातेवाईक, औषधविक्रेते आणि दवाखाने चालवणारे डॉक्टर यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कोणतेही औषध सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

१. ई-प्रिस्क्रिप्शन म्हणजे नेमके काय? डॉक्टरांनी संगणकावर टाइप करून दिलेली चिठ्ठी म्हणजे तेच का?

सरसकट तसे म्हणता येत नाही. व्यवहारात तीन वेगळ्या गोष्टींना हे एकच नाव दिले जाते. डॉक्टरांनी संगणकावर औषधे निवडून छापील कागद काढला आणि सही-शिक्क्यासह हातात दिला, तर ती केवळ छापील चिठ्ठी असते. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीप्रमाणेच ती रुग्णाच्या खिशातून दुकानापर्यंत जाते. तीच चिठ्ठी पीडीएफ किंवा फोटोच्या रूपात व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर कागद वाचतो, पण ती दुकानात नेऊन दाखवण्याचे काम रुग्णाकडेच राहते. तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने इलेक्ट्रॉनिक आहे. त्यात डॉक्टरांच्या संगणकातून चिठ्ठी सुरक्षित यंत्रणेमार्फत औषध दुकानाच्या संगणकात पोहोचते आणि औषध दिले गेल्याची नोंदही त्याच यंत्रणेत होते. स्वीडनमध्ये अशी पहिली चिठ्ठी १९८३ साली पाठवली गेली, तर एस्टोनियाने २०१० च्या सुरुवातीपासून ही पद्धत देशभर लागू केली. पुढे येणारे परदेशी आकडे प्रामुख्याने या तिसऱ्या प्रकाराचे आहेत, आणि कोल्हापुरात रुग्णाच्या हाती पडते ती चिठ्ठी बहुतेक वेळा पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारची असते. हा फरक लक्षात ठेवला नाही तर पुढची सगळी चर्चा भरकटते.

२. मोबाइलवर आलेली चिठ्ठी मेडिकलवाल्याने नाकारली. अशी चिठ्ठी कायद्याने चालते की नाही?

चालते, पण तिच्यात चिठ्ठीला लागणाऱ्या सर्व गोष्टी असाव्या लागतात. औषध नियम, १९४५ मधील नियम ६५ नुसार चिठ्ठी लेखी असावी, तिच्यावर डॉक्टरांची सही आणि तारीख असावी, तसेच रुग्णाचे नाव व पत्ता, औषधाचे एकूण प्रमाण आणि मात्रा नमूद असावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंद आणि सहीला मान्यता दिली. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये चिठ्ठीच्या व्याख्येतच लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचना असे म्हटले आहे. आणि २५ मार्च २०२० रोजी आलेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा ई-प्रिस्क्रिप्शन रुग्णाला पाठवण्यास स्पष्ट वाट दिली.

त्यामुळे ‘ही गोळी सकाळ-संध्याकाळ घ्या’ एवढाच टाइप केलेला संदेश घेऊन आपण दुकानात गेलात आणि फार्मासिस्टने नकार दिला, तर त्यात त्याची चूक नाही. काही औषधांना याहून कडक नियम आहेत. त्यासाठी प्रश्न १२ पाहावा.

३. ई-प्रिस्क्रिप्शनमुळे रुग्ण औषधे खरोखर जास्त नियमित घेतात का?

पहिल्यांदा औषध विकत घेण्याच्या टप्प्यावर फायदा दिसतो. पुढे महिनोन्‌महिने गोळी घेत राहण्यावर तेवढा स्पष्ट परिणाम दिसत नाही. हे दोन टप्पे वेगळे ठेवूनच उत्तर द्यावे लागते.

डॉक्टरांनी लिहिलेले नवे औषध रुग्णाने एकदाही न आणणे, हा प्रकार आपल्याला वाटतो त्याहून फार जास्त आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील १,९५,९३० ई-चिठ्ठ्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात नव्याने सुरू केलेल्या औषधांपैकी सुमारे २८ टक्के औषधे रुग्णांनी घेतलीच नाहीत. मधुमेहाच्या नव्या औषधांत हे प्रमाण ३१.४ टक्के आणि रक्तदाबाच्या औषधांत २८.४ टक्के होते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात २०१४ च्या अभ्यासात ३७,५०६ नव्या चिठ्ठ्यांपैकी ३१.३ टक्के चिठ्ठ्यांवरील औषध नऊ महिन्यांत घेतले गेले नव्हते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की हे रुग्ण ई-चिठ्ठी मिळालेले होते. म्हणजे चिठ्ठी संगणकातून गेली तरी जवळजवळ तिसरा हिस्सा औषधे दुकानातच राहिली.

कागदी आणि ई-चिठ्ठी यांची थेट तुलना टेक्सासमधील एका त्वचारोग विभागात झाली असून ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. कागदी चिठ्ठी मिळालेल्यांपैकी ३१.५ टक्के रुग्णांनी औषध आणले नाही, ई-चिठ्ठी मिळालेल्यांत हे प्रमाण १५.२ टक्के होते. फरक मोठा आहे. मात्र तो एकाच रुग्णालयाचा आणि त्वचेच्या औषधांचा आहे. रक्तदाबाची गोळी जन्मभर घेणाऱ्या माणसाला तो तसाच लागू होईल असे मानणे धाडसाचे ठरेल.

४. पण ई-चिठ्ठीची औषधे दुकानात जास्त पडून राहतात असेही वाचले आहे. मग खरे काय मानायचे?

दोन्ही खरे आहे, आणि येथेच या विषयातील सर्वांत मोठी गफलत होते. अमेरिकेतील एका मोठ्या औषध दुकानांच्या साखळीच्या नोंदींवरून २०१० साली असे दिसले, की दुकानाने तयार करून ठेवलेली ३.२७ टक्के औषधे रुग्णांनी नेलीच नाहीत, आणि इलेक्ट्रॉनिक मार्गाने आलेल्या चिठ्ठ्यांत असे होण्याची शक्यता इतर चिठ्ठ्यांच्या १.६४ पट होती.

कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. ज्याला औषध घ्यायचेच नाही तो कागदी चिठ्ठी घडी घालून पाकिटात ठेवतो आणि दुकानाची पायरीही चढत नाही. दुकानाच्या दृष्टीने असा रुग्ण अस्तित्वातच नसतो. ई-चिठ्ठी मात्र रुग्णाची इच्छा असो वा नसो, दुकानात पोहोचते, औषध बांधून ठेवले जाते, आणि तो आला नाही की ‘पडून राहिले’ असे लिहिले जाते. म्हणून दुकानातून मोजले तर ई-चिठ्ठी वाईट दिसते आणि दवाखान्यातून मोजले तर चांगली दिसते. कोणीही या विषयावरील आकडा सांगितला तर तो कोठून मोजला आहे, हे आधी विचारावे.

याच अभ्यासात चिठ्ठीच्या प्रकारापेक्षा पैशाचा परिणाम ठळक होता. रुग्णाला स्वतःच्या खिशातून ५० डॉलरपेक्षा जास्त द्यावे लागत असतील, तर काहीच द्यावे न लागणाऱ्यांच्या तुलनेत औषध सोडून जाण्याची शक्यता ४.६८ पट होती.

५. रुग्णाने गोळी घेतली की नाही हे संगणकाला कळते तरी कसे?

कळत नाही. संगणकाला फक्त औषध विकले गेल्याचे कळते, आणि त्यावरून अंदाज बांधला जातो. तीस दिवसांच्या गोळ्या नेणारा रुग्ण चाळीस दिवसांनी पुन्हा आला, तर त्या चाळीसपैकी तीस दिवस, म्हणजे ७५ टक्के दिवस त्याच्याकडे औषध होते असे धरतात. संशोधनात साधारणपणे ८० टक्क्यांची रेघ मारलेली असते. त्याच्या वर तो नियमित, खाली तो अनियमित. डब्यात गोळ्या साठल्या आहेत की पोटात गेल्या आहेत, याचा या हिशेबाशी संबंध नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात विकसित देशांतही दीर्घकालीन उपचार सांगितल्याप्रमाणे घेण्याचे प्रमाण सरासरी ५० टक्के असल्याचे म्हटले होते.

क्षयरोगाच्या उपचारात भारताने थेट गोळी घेण्याच्या क्षणापर्यंत जाण्याचा प्रयत्न केला आहे. ‘९९ डॉट्स’ पद्धतीत गोळी काढल्यावर पाकिटाखाली लपवलेला क्रमांक दिसतो आणि रुग्णाने त्यावर मिस्ड कॉल द्यायचा असतो. तरीही कॉल करणे आणि गोळी गिळणे यांत अंतर राहतेच.

६. हे सगळे आकडे अमेरिका-कॅनडाचे आहेत. कोल्हापुरात त्यांचा काय उपयोग?

जसेच्या तसे उचलण्यासारखे ते नाहीत. तिकडे रुग्ण आपले एक दुकान ठरवून देतो, विमा कंपनी पैसे भरते आणि प्रत्येक विक्रीची नोंद एका ठिकाणी जमा होते. आपल्याकडे एकच माणूस बीपीची गोळी राजारामपुरीतील दुकानातून घेतो, बायकोच्या थायरॉइडची गोळी सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या औषध खिडकीवरून आणतो, आणि गुडघेदुखीसाठी गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या पुड्या घेतो, ज्यांची चिठ्ठी मुळात लिहिलेलीच नसते. या तिन्ही ठिकाणच्या नोंदी एकमेकींना भेटत नाहीत.

त्यात खर्चाचा भार बहुधा घरावरच पडतो. काउंटरवर रोज दिसणारे दृश्य असे : चिठ्ठी तीस दिवसांची, मागणी ‘सध्या आठ दिवसांच्याच द्या’ अशी. दुकानदार स्ट्रिप कात्रीने कापतो, आणि औषधाचे नाव किंवा मुदत छापलेला तुकडा दुकानातच राहतो. घरी डब्यात अशा कापलेल्या पट्ट्या साठतात. एका औषधाची स्ट्रिप दहाची, दुसऱ्याची पंधराची, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी संपत नाहीत. जी आधी संपते ती ‘पुढच्या खेपेला आणू’ म्हणून राहून जाते. ई-चिठ्ठीने यातले काहीही आपोआप सुटत नाही. डॉक्टरांनी एकूण गोळ्यांची संख्या स्ट्रिपच्या हिशेबाने लिहिली आणि स्वस्त पर्याय म्हणून जनऔषधी केंद्राचा विचार सुचवला, तर त्याचा उपयोग सॉफ्टवेअरपेक्षा जास्त होईल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तरीही एका गटाला येथेही मोठा लाभ आहे. गळीत हंगामात बीडकडून कोल्हापूरच्या फडांवर येणारे ऊसतोड मजूर कित्येक महिने आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपासून दूर असतात. जुनी चिठ्ठी फोनवर किंवा चौदा अंकी आभा क्रमांकाशी, म्हणजे रुग्णाच्या डिजिटल आरोग्य खात्याशी, जोडलेली असेल, तर येथील डॉक्टरांना ‘लाल रंगाची छोटी गोळी’ एवढ्या वर्णनावर उपचार करावे लागत नाहीत.

७. अक्षर वाचता येते, एवढाच फायदा का?

तो फायदाही लहान नाही. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये नियमात दुरुस्ती करून औषधे जेनेरिक नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिण्यास सांगितले होते. मात्र सुवाच्य म्हणजे समजण्याजोगे नव्हे. ‘१-०-१’ ही खूण डॉक्टर आणि फार्मासिस्टना पाठ असते, रुग्णाच्या सासूबाईंना नसते. चिठ्ठी संगणकावरच तयार होत असेल तर ‘सकाळी जेवणाआधी एक, रात्री जेवणानंतर एक’ असे मराठीत छापणे अवघड नाही, आणि दवाखान्यांनी याचा आग्रह आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांकडे धरावा.

८. वडिलांना स्मार्टफोन वापरता येत नाही. चिठ्ठी माझ्या मोबाइलवर येते आणि मी पुण्यात असतो. काय करावे?

कागदाचा हट्ट धरावा. चिठ्ठी मोबाइलवर आली तरी छापील प्रत मागण्यात काहीही गैर नाही, आणि घरात गोळी घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कागद असणे हीच एक आठवण असते. आपण दुरून पैसे भरून औषध घरपोच पाठवत असाल, तर पहिल्या खेपेला वडिलांशी फोनवर बोलत एकेक स्ट्रिप हातात घ्यायला लावून ती कशासाठी आहे हे सांगावे. नाहीतर पार्सल येते आणि जुन्या गोळ्यांसोबत नव्याही सुरू होतात. एकच घटक असलेल्या दोन कंपन्यांच्या गोळ्या एकाच वेळी घेतल्या जाण्याचा धोका अशा घरांत खरा असतो.

९. दर महिन्याला तपासायला न जाता त्याच ई-चिठ्ठीवर औषध घेत राहता येते का?

डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसे लिहिले असेल तरच. अनुसूची एचमधील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या कायदेशीर यादीतील, औषधे एका चिठ्ठीवर एकदाच देता येतात. किती वेळा किंवा किती अंतराने द्यायची हे डॉक्टरांनी नमूद केले असल्यास तेवढ्याच वेळा. पीडीएफ कितीही वेळा दाखवता येते म्हणून औषधही कितीही वेळा मिळावे, हा समज चुकीचा आहे. उलट, रक्तदाब स्थिर असलेल्या रुग्णाला ‘तीन महिने, दरमहा’ असे स्पष्ट लिहून देणे हा खंड टाळण्याचा सोपा उपाय आहे आणि डॉक्टरांनी तो जरूर वापरावा.

१०. या वेळी गोळीचे नाव आणि रंग दोन्ही बदलले. आईने घाबरून गोळीच बंद केली. असे का होते?

चिठ्ठीवर जेनेरिक नाव असेल तर दुकानात उपलब्ध असलेल्या कोणत्याही कंपनीची गोळी मिळू शकते, आणि तिचा रंग वेगळा असू शकतो. चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असेल, तर अनुसूची एचच्या औषधांत दुकानदाराने परस्पर दुसरे औषध देणे नियमाला धरून नाही. आईची प्रतिक्रिया अपवादात्मक नाही : हृदयविकाराच्या झटक्यानंतर औषधे घेणाऱ्या अमेरिकी रुग्णांच्या २०१४ च्या अभ्यासात गोळीचा रंग बदलल्यावर औषध थांबण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी आणि आकार (गोल, लांबट असा) बदलल्यावर ६६ टक्क्यांनी वाढलेली आढळली. ई-चिठ्ठीवर ब्रँड आणि घटक दोन्ही छापले असतील तर स्ट्रिपवरील बारीक अक्षरांशी ताडून पाहता येते. शंका असल्यास गोळी थांबवण्याआधी फार्मासिस्टला विचारावे. स्ट्रिप सोबत न्यावी, केवळ गोळी नव्हे.

११. मोबाइलवर आठवण देणारे संदेश उपयोगी पडतात का?

काही प्रमाणात पडतात. दीर्घकालीन आजारांवरील १६ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. औषध नियमित घेण्याचे मूळ प्रमाण ५० टक्के धरल्यास संदेशांमुळे ते ६७.८ टक्क्यांपर्यंत जाईल असा त्याचा अंदाज होता. पण त्यातील बहुतेक चाचण्या थोड्या काळाच्या होत्या आणि ‘घेतली’ हे रुग्णांनी स्वतःच सांगितलेले होते. जो विसरतो त्याला संदेश मदत करतो. ज्याला गोळीने चक्कर येते किंवा परवडत नाही, त्याला तो नुसता त्रास देतो.

१२. झोपेच्या किंवा मानसोपचाराच्या गोळ्या ई-चिठ्ठीवर मिळतात का?

प्रत्यक्ष तपासणी करून दिलेली सहीची चिठ्ठी असेल तर संबंधित अनुसूचीचे नियम लागू होतात. अनुसूची एच-१ मधील औषधांची विक्री दुकानदाराने वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपायची असते. अनुसूची एक्सच्या औषधांसाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानात दोन वर्षे राहते. फोनवरील किंवा व्हिडिओ सल्ल्यातून अनुसूची एक्स आणि अमली पदार्थविषयक कायद्याखालील औषधे लिहून देण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. म्हणून अशा औषधांबाबत फोनवर विसंबून राहू नये. गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी भेटीची वेळ घ्यावी, कारण यातील काही औषधे एकदम बंद पडणे धोक्याचे असते.

१३. डॉक्टरांनी एक गोळी बंद केली, तरी दुकानातून ती येतच राहिली. हे ई-चिठ्ठीमुळे झाले का?

होऊ शकते. नवी चिठ्ठी पाठवण्याची सोय आधी येते आणि जुनी रद्द करण्याचा संदेश पाठवण्याची सोय नंतर, असे परदेशातही झाले आहे. आपल्याकडे जुनी पीडीएफ फोनमध्ये राहते आणि घरपोच मागवताना तीच पुन्हा पाठवली जाते. औषध बदलले की जुनी फाइल काढून टाकावी किंवा तिच्या नावापुढे ‘रद्द’ लिहावे, आणि नेहमीच्या दुकानाला तोंडी सांगावे.

याच जातीची, पण अधिक गंभीर चूक सॉफ्टवेअरच्या तयार पर्यायांतून होते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. यादीत ‘रोज’ हा पर्याय आधीच निवडलेला राहिला आणि रुग्णाने ते तंतोतंत पाळले, तर जिवावर बेतू शकते. अशा चिठ्ठीवर वाराचे नाव लिहिलेले आहे ना, हे डॉक्टर, फार्मासिस्ट आणि रुग्ण तिघांनीही पाहावे.

१४. गगनबावड्याकडे पावसाळ्यात रेंज नसते, आणि शिरोळ भागात पुराची भीती. अशा ठिकाणी कागद बरा की फोन?

दोन्ही ठेवावेत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठच्या कुटुंबांना घाईने घरे सोडावी लागली आणि शिरोलीजवळ महामार्गही बंद पडला. अशा वेळी फाईल घरातच राहते किंवा भिजते, तर फोन सोबत असला तरी चार्जिंग नसते. जून उजाडण्याआधी चालू चिठ्ठीचा स्वच्छ फोटो स्वतःच्या आणि गावाबाहेरच्या एका नातेवाइकाच्या फोनमध्ये ठेवावा, छापील प्रत प्लास्टिकच्या पिशवीत गोळ्यांसोबत ठेवावी, आणि शक्य असेल तर पंधरा दिवसांचे औषध जादा असावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते थंड ठेवण्याची सोय कोणाकडे होईल हे आधीच ठरवावे.

१५. मी औषध नेत नाही हे डॉक्टरांना कळणार असेल, तर ती माझी खासगी माहिती नाही का?

आहे. टेलिमेडिसिनच्या सूचनांनुसार डॉक्टर चिठ्ठी थेट एखाद्या दुकानाकडे पाठवत असतील, तर रुग्णाची स्पष्ट संमती घेणे आणि कोणत्याही दुकानातून औषध घेण्याची त्याची मोकळीक राखणे बंधनकारक आहे. आभा खात्यातील नोंदीही संमतीनेच दाखवल्या जातात, आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने संमतीची चौकट घालून दिली आहे. घरात एकच फोन असेल तर आजाराचा उल्लेख असलेला संदेश कोण वाचणार, हा प्रश्न कायद्याच्या आधी येतो. नोंदणी करतानाच कोणता क्रमांक द्यायचा हे रुग्णाला विचारले जावे.

डॉक्टरांना मात्र आमचे सांगणे वेगळे आहे. यादीत ‘औषध नेले नाही’ असे दिसल्यावर रागावण्याने रुग्ण पुढच्या वेळी खोटे बोलतो किंवा दवाखाना बदलतो. ‘गोळी महाग पडते का, की घेतल्यावर काही त्रास होतो?’ असे विचारले, तर खरे उत्तर मिळण्याची शक्यता जास्त असते, आणि तेवढे विचारायला नोंद पाहणारा कोणीतरी दवाखान्यात नेमलेला असावा लागतो.